आपली सूचना मान्य आहे

४ ऑक्टोबर, शनिवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, शिवणाचा डबा आणि ही कोरी वही, एवढा ऐवज घेऊन ठकीकडे राहायला आले. ठकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं आहे, पण लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून मी ठकी म्हणू लागले आणि तेच चिकटलं. आता तिशीला टेकली, तरी मला पाहून 'मावशी!' म्हणून अशी ओरडली की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे, वर आणखी एक मजला. बाहेरच्या खोलीत लंबकाचं घड्याळ, चांगलं दणदणीत टोले देणारं. मग स्वयंपाकघर. मग ठकीची कामाची खोली, तिथे दोन पडदे आणि तारांचं जंगल. आणि शेवटची माझी खोली. पिवळे पडदे, मोठी खिडकी आणि खिडकीतून दिसणारं शाळेचं मैदान! ठकी म्हणाली, मुद्दाम ही खोली तुला ठेवली, मुलांचा आरडाओरडा ऐकल्याशिवाय तुला करमायचं नाही.

वरच्या मजल्यावर कुणीतरी पियानो शिकतंय. त्याच चार ओळी, आणि चुकायची जागाही तीच. मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या संगीताच्या सिस्टर आठवल्या. चूक झाली की त्या पेन्सिलीने बोटावर टकटक करायच्या, पण इतकं हळू की ते लाड वाटायचे.

निवृत्त झाल्यापासून एकटीच होते. वसंतात न्हाणीघरात पडले, तेव्हा डॉक्टरांनी बहिणीला फोन केला आणि मायलेकींनी परस्पर ठरवून टाकलं. मी तोंडदेखलं नाही म्हणून पाहिलं. खरं सांगायचं तर बॅगा दोन दिवस आधीच भरल्या होत्या.

५ ऑक्टोबर, रविवार

आज ठकीने तिचं काम समजावून सांगितलं. तिने सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. आता ती स्वतः कॉम्प्युटरवरचे खेळ करते. परवाच एका 'जॅम'मध्ये भाग घेतला. मी आपली बरणी डोळ्यांसमोर आणली. ती हसून लोळली. जॅम म्हणजे स्पर्धा. एक विषय देतात आणि तीन दिवसांत अख्खा खेळ बनवायचा. मग दहा दिवस सगळे एकमेकांचे खेळ खेळतात, तारे देतात, अभिप्राय लिहितात. तू माझा खेळ, मी तुझा खेळते, असा रिवाज.

तिच्या खेळाचं नाव 'आवराआवर'. एक घर आहे. प्रत्येक खोलीत एक वस्तू जास्तीची असते. ती ओळखून बाहेर काढली की पुढचं दार उघडतं. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. घर कुठलं, तर हेच! तीन दिवसांत नवं घर कुठून आणू, म्हणाली, समोर दिसलं ते काढलं. तेच घड्याळ, तेच पिवळे पडदे, मागे वरच्या पियानोचा आवाजसुद्धा. कामाच्या खोलीत टेबलाशी एक मुलगी बसलेली, पाठमोरी. आणि शेवटच्या खोलीत खुर्चीत एक म्हातारी, मांडीवर वही. मी म्हटलं, अगं, मी तर काल आले. तर म्हणते, तू येणारच होतीस, म्हणून आधीच बसवून ठेवली.

डोळे भरून आले माझे. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

ही स्पर्धा तिच्यासाठी साधी नाही. पहिल्या दहांत आली, तर एका खेळ बनवणाऱ्या कंपनीतल्या बाई तिला कामावर घेणार आहेत, तसं त्यांनी बोलून दाखवलंय. नाही आली तर जुन्या नोकरीवर परत. तिथून ती रोज रडत घरी यायची आणि फोनवर मला सांगायची की सर्दी झालीय. तसले दिवस तिच्या वाट्याला पुन्हा नकोत. पोर आनंदात राहावी, माझं एवढंच मागणं आहे. दुसरं कोण आहे मला?

७ ऑक्टोबर, मंगळवार

मला नोकरी लागली! निवृत्तीनंतर तीन वर्षांनी.

झालं असं. ठकीच्या खेळाखाली एकवीस अभिप्राय येऊन पडले होते आणि ती एकाचंही उत्तर देत नव्हती. वाचायला घेते आणि पान बंद करून टाकते. एकाने लिहिलं होतं, 'आवराआवर छान, पण आधी स्वतःचा कोड आवरा.' त्यावर ही दिवसभर जेवली नाही. मी म्हटलं, वेडाबाई, मावशी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात होती ती काय माश्या मारायला? दे इकडे.

आमच्या विभागाचा एक शिरस्ता होता. आलेल्या प्रत्येक पत्राला त्याच दिवशी उत्तर. नळाला पाणी नाही, पाण्याला वास येतो, मीटर उलटं फिरतं, काहीही असो, उत्तर ठरलेलं: 'आपली सूचना मान्य आहे. लवकरच अंमलात आणली जाईल.' माणसाला आपलं कुणी ऐकलं एवढंच हवं असतं. एकतीस वर्षांत त्यातलं किती अंमलात आलं, ते विचारू नये. साहेब म्हणायचे, तुमच्या पत्राने निम्मी तहान भागते.

ठकीने मला वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवायला शिकवलं. काय ती सोय! एकदा लिहायचं आणि वीसदा चिकटवायचं. अभिप्रायांतलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. 'पातळी', 'पात्र', 'चाल' असलं काय काय. डोळेही दुखत होते. वाचत बसले नाही, एकेकाखाली वाक्य चिकटवत गेले. चहा निवायच्या आत एकवीस उत्तरं!

ठकी म्हणाली, एकदा दिलेलं उत्तर या साइटवर बदलता-पुसता येत नाही हं, आणि एका अभिप्रायाला एकच उत्तर. मागे कुणाची तरी मतदान चालू असताना भांडणं झाली होती, तेव्हापासूनचा नियम. खेळातही पंधरा तारखेच्या दुपारपर्यंत काही बदलायचं नाही. मी म्हटलं, बदलायचं कशाला? सभ्य माणसाने दिलेलं उत्तर बदलू नये.

सध्या पाचांपैकी तीन पूर्णांक एक तारे. यादीत चव्वेचाळिसावा नंबर.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी उठले तर फार शांत वाटलं. कारण कळायला वेळ लागला. घड्याळाचे टोले नव्हते. बाहेरच्या खोलीत गेले, तर भिंतीवर घड्याळच नाही. दुरुस्तीला दिलं असेल म्हणून ठकीला विचारलं. ती ब्रश तोंडात धरून बाहेर आली. कसलं घड्याळ? इथे कधी घड्याळ नव्हतं, मावशी, मी वेळ फोनवर बघते.

मी भिंत जवळून पाहिली. खिळ्याचं भोकसुद्धा नाही. रंग सगळीकडे सारखा.

वय झालं, दुसरं काय. माझ्या जुन्या घरातलं घड्याळ या घराला लावलं असेल मनाने. पण लंबकावरची पितळी चांदणी मला दिसते आहे, आणि माझ्या घड्याळाला लंबक नव्हता.

ठकी मात्र खुशीत. रात्रीतून तारे वाढले. साडेतीनच्या वर. नाचत होती नुसती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पडदे करडे झालेत. पिवळे होते. चार तारखेच्या पानावर मीच लिहिलंय, पिवळे. ठकी म्हणते, करडेच आणले होते, मळ दिसत नाही म्हणून.

दुपारी लक्षात आलं की पियानो वाजत नाहीये. मूल आजारी तर नाही ना, विचारून यावं म्हणून दाराबाहेर पडले. वर जायला जिना नव्हता. आमच्या दारापुढचा कठडा संपतो आणि वर छत. शेजारच्या बाई कुंडीला पाणी घालत होत्या. त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाल्या, आजी, ही इमारत तीन मजलीच आहे, तुम्ही आत जाऊन बसा बरं.

रस्त्यावर उतरून मोजले. तीन.

मग ते मूल गेलं कुठे? रोज त्याच जागी चुकणारं?

ठकीला सांगितलं नाही. ती पडद्याला डोळे लावून बसली होती. तीन पूर्णांक नऊ. बाविसावा नंबर. मला मिठी मारून म्हणाली, तुझ्या उत्तरांचा पायगुण.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

खिडकी गेली.

पहाटे नाही, रात्री नाही. भर अकरा वाजता. मी सुईत दोरा ओवत होते, मैदानावर मुलं ओरडत होती. दोरा ओवला, वर पाहिलं, तर भिंत. ओरडाही थांबला. भिंतीवर हात फिरवला. गार आणि गुळगुळीत.

ठकीला हाक मारली. ती आली, माझ्या कपाळाला हात लावला, आणि म्हणाली, मावशी, ही आतली खोली आहे, इथे खिडकी कशी असेल? मग स्वतःच ओशाळून म्हणाली, तुला अंधारी खोली दिली, मला आधीच वाईट वाटत होतं, माझी घे ना.

तेव्हा कुठे मला सुचलं. तिच्या कॉम्प्युटरवर बसले आणि ते एकवीस अभिप्राय पहिल्यांदा नीट, एकेक ओळ वाचले. मंगळवारी वाचायला हवे होते तसे.

दुसरा: 'पहिल्या खोलीतलं घड्याळ डोकं उठवतं. काढून टाका.' चौथा: 'रंग फार भडक. पिवळा तर नकोच.' सहावा: 'मागचा पियानो बंद करा, वरच्या मजल्याचा भास नको.' आठवा: 'शेवटच्या खोलीतल्या खिडकीमुळे कोंडल्यासारखं वाटत नाही. बुजवा.'

प्रत्येकाच्या खाली माझं वाक्य. आपली सूचना मान्य आहे. लवकरच अंमलात आणली जाईल.

पुढचे वाचूच नयेत असं वाटलं. पण वाचले. उतरवून ठेवते. मधल्यांत नुसतं कौतुक आहे किंवा कॉम्प्युटरच्या भाषेतलं काही.

अकरावा: 'स्वयंपाकघराची पातळी कंटाळवाणी. गाळा.'

चौदावा: 'बाहेरचं दार उघडतं हे चूक. या घरातून बाहेर पडताच येऊ नये.'

सतरावा: 'दोन पात्रं कशाला? टेबलाजवळची मुलगी काही करत नाही. तिला काढा. म्हातारी एकटी असली तर खरी भीती वाटेल.'

एकविसावा: 'कोण कुणाची, आधी काय घडलं, असला इतिहास नको. म्हातारीलाही काही आठवू नये.'

सतराव्याखाली माझं वाक्य. मी चिकटवलेलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

सगळं सांगितलं ठकीला. ही वही वाचायला दिली. ती आधी हसली, मग हसायची थांबली. माझा हात धरून म्हणाली, तू पडलीस तेव्हा डोकं आपटलं होतं का गं? मग आत जाऊन आईला फोन केला. दार लोटलं होतं, पण ऐकू आलं. थोड्या वेळाने फोन माझ्याकडे. बहीण नेहमीसारखी रागावली. ताई, तू पोरीच्या कामात लुडबुड करू नकोस, नीट झोप, गोळ्या घे.

मी म्हटलं, ठकी, तो खेळ मागे घे. स्पर्धेतून नाव काढ. तिने पडद्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, चार पूर्णांक दोन झालेत, मावशी. अकरावा नंबर. कंपनीतल्या बाईंनी आज स्वतः खेळून पाहिला. आता मागे घेऊ? तुझ्यासाठी घेईन. पण तू खरंच सांगतेस का, मागे घेऊ?

तिच्या डोळ्यांत पाहवलं नाही. तरी म्हणाले, घे.

तिने घेतला असता. उठून बसली, कळ दाबली. साइटने कळवलं, मतदान संपेपर्यंत नोंद मागे घेता येत नाही. ती सुटल्यासारखं हसली. मी नाही.

आयोजकांना लिहिलं. तासाभरात उत्तर आलं, फार सभ्य. तुमच्या खेळात कुणीही काही बदललेलं नाही, आम्ही तपासलं. आपल्या सूचनेबद्दल आभार.

अशी उत्तरं मी एकतीस वर्षं लिहिली.

१२ ऑक्टोबर, रविवार

सतरावा अभिप्राय लिहिणारी सापडली. तिने साइटवर नाव घेतलंय 'अक्कलदाढ'. दातांची डॉक्टर आहे, फावल्या वेळात खेळ करते. तिच्या खेळाखाली मी पत्र लिहिलं. लाज सोडून सगळं लिहिलं. वेडी म्हणाली असती तरी चाललं असतं.

भली बाई. लगेच उत्तर दिलं. अहो मावशी, एवढं काय मनावर घेता, मी आपलं दोन पेशंटच्या मधे खरडलं होतं, हे घ्या, काढलं. आणि खरंच तिचा अभिप्राय गेला. माझं उत्तर तिथेच राहिलं. वर काही नाही, खाली माझं वाक्य. कुणाची सूचना, कसली, काही नाही. नुसती मान्य.

तेव्हा मी तिला दुसरं मागितलं. म्हटलं, नवा अभिप्राय लिहा: 'मुलगी ठेवा, म्हातारी काढा.' ती घुटमळली. म्हणाली, मावशी, तुमची तब्येत बरी आहे ना, घरात कुणी आहे का सोबत? मी म्हटलं, आहे, तिच्यासाठीच. मग तिने लिहिलं. मी उत्तर दिलं. या वेळी एकेक अक्षर टाइप केलं, चिकटवलं नाही. आपली सूचना मान्य आहे.

किती हलकं वाटलं! ठकीला जवळ बसवून तिची वेणी घातली. कुरकुरत होती, तीस वर्षांच्या बाईची कुणी वेणी घालतं का. पण बसून राहिली.

मग पाहिलं. नवा अभिप्राय यादीत सर्वांत खाली बसला आहे. बाविसावा.

आणि ते क्रमाने घडतंय. दोन, चार, सहा, आठ.

संध्याकाळी पाणी प्यायला उठले. बाहेरच्या खोलीतून सरळ ठकीची खोली. मधे काही नाही. मला आठवेना की शेवटचं कधी जेवले. भूक नाही. ठकीलाही नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळीच ठकीला म्हटलं, चल, बाहेर जाऊ. आईकडे जाऊ. आत्ता, असेल त्या कपड्यांनी. हट्ट केला, रडले. ती उठली, माझ्या बॅगेत माझ्या गोळ्या भरल्या, स्वतः एका पायात बूट घातला. तोवर मी दार उघडलं.

दारामागे भिंत.

मी ठकीकडे पाहिलं. ती भिंतीपुढे उभी, एका पायात बूट. मग वाकून बूट काढला. म्हणाली, कुठे निघालो होतो गं आपण? आणि माझ्याकडे पाहून हसली, लहानपणी हसायची तशी.

चौदावा झाला.

चार पूर्णांक सहा. पाचवा नंबर. ती खुर्चीत गोल फिरते आहे. मावशी, जमलं! जमलं गं! बाईंनी कळवलंय, उद्याच बोलू.

मीही हसले. काय करू? तिचा आनंद तरी पूर्ण होऊ दे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हात धरून बसले आहे. डाव्या हाताने तिचा उजवा. ती एका हाताने टाइप करते, मला चिडवते. मावशी, मी काय जत्रेत हरवणार आहे का? मी सोडत नाही. नजर तिच्यावर. लिहिते आहे ते न बघता, ओळी वाकड्या येत असतील.

पापणी लवली की लगेच पुन्हा बघते. पण आहे. आहे.

बाईंचा फोन दुपारी येणार. कुठला शर्ट घालू विचारते. निळा, म्हटलं. निळा कुठे आहे, म्हणते, तू धुतलास ना परवा?

हात गरम आहे. बोटांना घट्टे पडलेत, कळा दाबून. सिस्टर सांगायच्या, हात जोडले की मन जागेवर राहतं. मला जोडायला दोन हात मोकळे नाहीत, चालेल ना, देवा? असाच चालेल —

विचारते, काय लिहितेस एवढं? दाखव की. वाकून बघते आहे. तिचे केस वहीवर —

वहीवर काही नाही.

टेबलावर माझा डावा हात. मूठ मिटलेली. आत काही नाही.

टेबलच नाही. मी माझ्या खुर्चीत, माझ्या खोलीत. घरात एकच खोली.

ठकी

ठकी

ठकी

तोच दिवस

ओरडून झालं. भिंती ठोकून झाल्या.

कॉम्प्युटर मात्र आहे, जमिनीवर. चार पूर्णांक नऊ. पहिला नंबर. खेळ करणारी म्हणून नाव माझं आहे. अभिनंदनाचा पूर. 'एकटी म्हातारी अप्रतिम.' 'तिची मूठ पाहून अंगावर काटा आला.'

बहिणीला फोन लावला. लागला. मी म्हटलं, आपली ठकी. ती म्हणाली, ठकी कोण? मी सांगितलं, तुझी मुलगी. तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, ताई, मला मूल झालं नाही ते तुला माहीत आहे. कशाला अशी जखमेवर — आणि रडायला लागली.

तिचं रडणं खरं होतं.

१५ ऑक्टोबर

दुपारी मतदान संपतं. संपल्यावर पान कायमचं बंद.

आता एकविसावा येणार, विसरण्याचा. मग बाविसावा, तो माझा. त्याची भीती नाही. त्याच्यातच 'मुलगी ठेवा' आहे. काल रात्रभर त्या दोन शब्दांना धरून बसले होते. पण ठेवायला मुलगी असावी लागते. मीच जाईन आणि खोली राहील.

एकविसाव्याआधी लिहून काढते. वहीत राहील.

ती तिशीची. माझ्या बहिणीची. पाठमोरी बसते. नोकरीतून रडत — सर्दी म्हणायची. वेणी घालताना कुरकुरते. हसते तेव्हा आधी खांदे हलतात, मग आवाज.

पाच वर्षांची असताना माझ्याकडे राहिली होती, महिनाभर. बहीण आजारी होती. रोज ऑफिसात न्यायचे. साहेबांच्या खुर्चीत ताठ बसायची —

मागची पानं वाचली. 'ठकी' लिहिलंय जागोजागी. अक्षर माझं. कोण ते —

ती. ती. धरून ठेव.

हनुवटीवर खूण होती. जिन्यावरून पडली. मी उचललं. रक्त माझ्या रुमालावर, पांढऱ्या — की — रडली नाही. मी रडले. तिने माझे डोळे पुसले, रक्ताच्या हाताने, आणि म्हणाली

म्हणाली, मावशी —

कुणीतरी लहान होतं. जिना होता. माझे डोळे पुसत होतं कुणी. हात गरम —

मी कुणाचं लिहिते आहे? खोलीत खुर्ची आहे. खुर्चीत मी. मांडीवर वही, वहीत ओली शाई, आणि हाताला अजून लिहायचंय, लिहायचंय की ती म्हणाली, मावशी, तू